मेंढवाड्याच्या मिषाने बांधलेले चर्च

चर्च म्हटले की उंच मनोरा, घंटा आणि शिरोभागी क्रूस हे चित्र डोळ्यांपुढे सहज उभे राहते. परंतु हे चर्च आहे असे पाहणाऱ्यास कळूच नये, ह्या हेतूने बांधलेल्या एका मंदिराची हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहोत. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात, फॉकबर्स गावाजवळ टायनेट येथे ते आहे. संत निनियन ह्यांचे नाव त्यास दिलेले आहे.

ऑगस्ट १५६० मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने पोपसाहेबांची सत्ता झुगारली व मिस्सा बेकायदा ठरविली. मिस्सा करणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल मालमत्तेची जप्ती, दुसऱ्याबद्दल हद्दपारी आणि तिसऱ्याबद्दल देहदंड, असा तो कायदा होता. तरीही टायनेटच्या आसपास जुना धर्म टिकून राहिला, कारण तेथील मोठे जमीनदार गॉर्डनचे ड्यूक कॅथलिक होते. १७२८ मध्ये दुसरे ड्यूक निवर्तले. त्यांच्या विधवेने मुलांस प्रॉटेस्टंट पंथात वाढविले आणि तो आश्रय संपला. पुढे १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर स्टुअर्ट पक्षाचा मोड झाल्यावर सरकारी सैनिकांनी डोंगरातील स्कॅलन येथील गुप्त सेमिनरीदेखील जाळली.

अशा काळात, १७५५ मध्ये, टायनेटच्या जमीनदाराने एक युक्ती योजिली. एका गरीब बाईच्या झोपडीला त्याने लांबट जोड दिली आणि मेंढरांसाठी वाडा बांधीत आहे, असा बहाणा केला. आत मात्र मेंढरांऐवजी वेदी आली! बुटक्या भिंती, लहान खिडक्या, वर गवताचे छप्पर; वाटसरूस ते शेतकऱ्याचे घरच वाटावे. पुढे गवताच्या जागी पाटीच्या दगडाचे छप्पर आले आणि एका टोकास दगडी गोळा बसविण्यात आला. बाहेरची सजावट काय ती एवढीच.

स्कॉटलंडमध्ये त्या धर्मक्रांतीनंतर कॅथलिकांनी बांधलेल्या व आजवर उभ्या असलेल्या चर्चांमध्ये हे सर्वांत जुने मानले जाते. १९५१ मध्ये इयन लिंडसे ह्या वास्तुविशारदांनी त्याचा जीर्णोद्धार केला. तो करताना त्यांनी त्याचे साधेपण बिघडू दिले नाही, हे विशेष होय.

जवळच प्रेशोम येथे संत ग्रेगरी ह्यांचे चर्च आहे. ते १७८८ मध्ये बांधावयास घेतले व १७९० मध्ये पुरे झाले. त्याचा दर्शनी भाग इटालियन धर्तीचा, डौलदार असून हे चर्चच आहे ह्याविषयी तो कोणास शंका उरू देत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, स्कॉटलंडच्या कॅथलिकांस कायद्याने सवलत मिळाली ती १७९३ मध्ये! म्हणजे कायद्याने मोकळीक देण्यापूर्वीच भाविकांनी भीती टाकून दिली होती. मेंढवाड्यापासून ह्या दर्शनी भिंतीपर्यंतचे अंतर अवघ्या पस्तीस वर्षांचे; परंतु ते चालून जाण्यास केवढे धैर्य लागले असेल!

ह्या दोहोंपैकी थोर कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही प्रेशोमचे सौंदर्य मान्य करू. तथापि आमचे मस्तक आधी नमेल ते टायनेटच्या बुटक्या दारापुढे. आपल्या गावच्या चर्चचा मनोरा लहान आहे, भिंतींस रंग नाही, म्हणून ज्यांस खंत वाटते, त्यांनी त्या गरीब बाईच्या झोपडीचे स्मरण करावे.