किळस मेकॉलेची, पाप आपल्या माथी!

जून महिना उजाडला की पाश्चात्त्य जगतात समलिंगींच्या ‘अभिमान मासा’चे पडघम वाजू लागतात. चित्रपट महोत्सवांतून जुन्या हॉलिवुडचे कृष्णधवल चित्रपट नव्याने दाखवले जातात. त्यांचे लेखक, दिग्दर्शक, नट कसे समलिंगी होते आणि ते आयुष्यभर कसे लपवावे लागले, याच्या करुण कहाण्या सांगितल्या जातात. कहाण्या खऱ्या आहेत. त्या ऐकून ज्याचे मन द्रवत नाही, त्याला रसिक म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, या कहाण्यांतला खलनायक कोण हे सांगण्याची वेळ आली की निवेदकाचा आवाज एकाएकी बारीक का होतो? ‘त्या काळचा समाज’, ‘त्या काळची मूल्ये’ अशी गुळमुळीत उत्तरे का दिली जातात? आणि त्याच दमात भारतासारख्या ‘मागासलेल्या’ देशाला उदारमतवादाचे धडे कोणत्या अधिकाराने दिले जातात? हा हिशेब एकदा मांडायलाच हवा. अर्थात, मांडताना आपल्या खात्यावरची बाकीही दडवता कामा नये.

संहितेचे जनक

१९३० साली हॉलिवुडने चित्रपटांसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. विल हेज यांच्या नावाने ती ओळखली जाते. पण तिचा मसुदा तयार करण्यात पुढाकार होता तो डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचा आणि मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकाचा. पहिली चार वर्षे ती कागदावरच राहिली. मग कॅथलिक बिशपांनी सभ्यतारक्षणासाठी मोहीम उघडली, लक्षावधी श्रद्धाळूंकडून बहिष्काराच्या शपथा घेतल्या गेल्या आणि निर्मात्यांचे धाबे दणाणले. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कट्टर कॅथलिक गृहस्थाच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र नसेल, तर चित्रपटाची वाट बंद होऊ लागली. नियम मोडणाऱ्यास २५ हजार डॉलर दंड! ‘लैंगिक विकृती’ किंवा तिची पुसटशी सूचनाही संहितेने निषिद्ध ठरवली होती, आणि या शब्दांत समलिंगी आकर्षण अभिप्रेत होते.

पडद्यावर सभ्यता असावी, याला कोणता कुटुंबवत्सल माणूस विरोध करील? आपणही करणार नाही. आक्षेप सभ्यतेला नाही, असत्याला आहे. दोन शिक्षिकांवर समलिंगी संबंधांचा खोटा आळ येतो, अशा कथेचे लिलियन हेलमनचे नाटक १९३६ साली विल्यम वायलरने पडद्यावर आणले, ते दोन स्त्रिया आणि एक पुरुष असा नेहमीचा त्रिकोण करून! ‘द लॉस्ट वीकएंड’ या १९४५ च्या ऑस्करविजेत्या चित्रपटाचा नायक मद्यपी का होतो? मूळ कादंबरीत त्याच्या मनाला समलिंगी आकर्षणाची जुनी जखम आहे. चित्रपटात ती जाऊन लेखकाचा लेखनावरोध तेवढा उरला. १९४७ च्या ‘क्रॉसफायर’च्या मूळ कादंबरीत खून होतो तो समलिंगी माणसाचा, पडद्यावर तो ज्यू झाला. ज्यूद्वेषाविरुद्ध आवाज उठवला, म्हणून त्या चित्रपटाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण एका द्वेषाची कथा सांगण्यासाठी दुसरा द्वेष गिळावा लागला, त्याचे काय? १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये संहितेतले हे कलम सैल झाले. एक अख्खी पिढी तोवर सरून गेली होती.

मुखवट्यांची किंमत

पडद्यावर ज्यांना स्थान नव्हते, तेच लोक पडदा उभा करीत होते, हा यातला सर्वांत क्रूर विनोद. ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) या चित्रपटांचा दिग्दर्शक जेम्स व्हेल समलिंगी होता. समाजाने हाकललेला, प्रेमासाठी आसुसलेला तो राक्षस त्याने एवढ्या ममतेने का रंगवला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. ‘माय फेअर लेडी’साठी (१९६४) ऑस्कर मिळवणारे जॉर्ज क्युकर यांच्याविषयी सगळ्या चित्रनगरीला ठाऊक होते, पण बोलायचे कोणी नाही.

विल्यम हेन्स हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. १९३० च्या सुमारास तो अमेरिकेतील सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या नटांपैकी एक होता. त्याच्या स्टुडिओचे सर्वेसर्वा लुई मेयर यांनी त्याला पेच घातला, असे सांगतात : दिखाऊ लग्न कर, नाहीतर जा. हेन्सने आपला सहचर जिमी शील्ड्स याला सोडले नाही, पडदा सोडला. पुढे गृहसजावटीच्या व्यवसायात त्याने नाव काढले आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४७ वर्षे, ते दोघे एकत्र राहिले. त्याने कोणाला फसवले नाही. शिक्षा मात्र त्यालाच झाली.

जे फसवायला तयार झाले, त्यांना बक्षीस मिळाले. रॉक हडसन हा पन्नासच्या दशकातला अमेरिकेचा आदर्श पुरुष. त्याचे गुपित छापण्याच्या तयारीत एक चव्हाट्यावरचे नियतकालिक होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये हडसनचे लग्न झाले, ते त्याच्याच एजंटाच्या कार्यालयातील सचिव फिलिस गेट्स हिच्याशी. तीन वर्षांत घटस्फोट झाला. आपण प्रेमाने लग्न केले होते, आपल्याला कसलीही कल्पना नव्हती, असे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिले. १९८५ साली एड्सने हडसनचा अंत झाला, तेव्हा जगाला सत्य समजले आणि सगळे त्याच्यासाठी हळहळले. त्या मुलीसाठी कोण हळहळले? या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे.

राणीचे राज्य आणि कॉम्रेडांचे

इंग्लंडमध्ये तर हा गुन्हाच होता. जॉन गिलगूड या थोर नटाला जून १९५३ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. ऑक्टोबरमध्ये त्यांना पोलिसांनी पकडले. दंड दहा पौंड, पण बदनामी देशभर. त्यानंतर लिव्हरपूलच्या रंगमंचावर ते उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचे स्वागत केले. सामान्य माणसाचे हृदय कायद्यापेक्षा मोठे होते! ॲटनबरोंच्या ‘गांधी’ (१९८२) चित्रपटात लॉर्ड आयर्विन झालेले ते हेच गिलगूड. १९६१ साली डर्क बोगार्डने ‘व्हिक्टिम’मध्ये समलिंगी आकर्षण दडवणारा वकील उभा केला आणि या कायद्याच्या जोरावर खंडणीखोर कसे पोसले जातात, ते दाखवले. इंग्लंड आणि वेल्समधला तो कायदा १९६७ साली शिथिल झाला. पण बोगार्डने स्वतःविषयी शेवटपर्यंत उघडपणे काही सांगितले नाही.

आता वळूया लाल निशाणाकडे. आपल्याकडचे डावे विचारवंत इंद्रधनुषी मोर्च्यांत अग्रभागी असतात. त्यांनी आपल्या तीर्थक्षेत्रांचा इतिहास जरूर वाचावा. स्टालिनने १९३४ साली पुरुषांमधील समलिंगी संबंध पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवले आणि तो कायदा सोव्हिएत संघ संपल्यानंतर, १९९३ साली गेला. ‘शॅडोज ऑफ फरगॉटन ॲन्सेस्टर्स’ (१९६५) हे नितांतसुंदर चित्रकाव्य निर्माण करणारे सर्गेई पाराजानोव्ह यांना १९७३ च्या अखेरीस याच आरोपाच्या आधारे पकडण्यात आले आणि सक्तमजुरीच्या छावणीत चार वर्षे डांबले गेले. त्यांचा खरा अपराध सरकारी साच्यात न बसणारी कला हा होता, असे त्यांचे चाहते मानतात. म्हणजे कायदा कशासाठी वापरला गेला, ते उघड आहे. इटलीत पिअर पाओलो पासोलिनी याला १९४९ साली बाहेर काढले ते चर्चने नव्हे, कम्युनिस्ट पक्षाने, आणि तेही ‘नैतिक अपात्रते’चा ठपका ठेवून! शिक्षकाची नोकरी गेली ती वेगळीच. कॉम्रेड, या हकीगती आपल्या अभ्यासवर्गात सांगितल्या जातात काय?

सचैल स्नान आणि फास

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३३ साली या कृत्याला फाशीची शिक्षा ठरवली. तिची शेवटची अंमलबजावणी १८३५ सालची. पुस्तकातून ती गेली १८६१ साली. आणि ज्याच्या नावाने आपले पुरोगामी बोटे मोडतात, तो मनू काय सांगतो? अकराव्या अध्यायात अशा पुरुषासाठी प्रायश्चित्त आहे सचैल स्नानाचे! कौटिल्याने दंड सांगितला, तोही सर्वांत खालच्या श्रेणीचा. याचा अर्थ आपल्या शास्त्रांनी या संबंधांना संमती दिली, असा नव्हे. मनूच्या त्याच अध्यायात हे कृत्य जातिभ्रंशकर दोषांत गणले आहे, आणि आठव्या अध्यायात स्त्रियांसाठीचे काही दंड कठोर आहेत. सोयीचे तेवढे उचलणे हा आपला धर्म नाही. पण दोष मानणे वेगळे आणि माणसाला दोरावर लटकवणे वेगळे. एका परंपरेने नदी दाखवली, दुसरीने फास.

तो फास भारतात आणला मेकॉलेने. १८३७ च्या मसुद्यात हे कलम लिहिताना त्याला एवढी किळस वाटली की, या विषयाची जाहीर चर्चाही होऊ नये, असे त्याने टिपणात नोंदवले. १८६० च्या दंडसंहितेत ते कलम ३७७ म्हणून आले. ब्रिटिश साम्राज्य जेथे जेथे गेले, तेथे त्याच्या नकला गेल्या. ज्यांनी हा रोग पसरवला, तेच आज वैद्याचा अंगरखा घालून आपल्या दारात उभे आहेत! ज्या अमेरिकेतून उपदेश येतो, तिच्या डझनाहून अधिक राज्यांत असे कायदे २००३ पर्यंत होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेच नाही.

आता आपल्या खात्यावरची बाकी. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली हे कलम सैल केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांत चर्चच्या संघटना होत्या, मुस्लीम व्यक्तिगत कायदा मंडळ होते, आणि, स्पष्टच लिहितो, हिंदुत्वाचे नाव घेणारेही होते. मेकॉलेची शिक्षणपद्धती हटवा, असे म्हणणारे आपण, मेकॉलेच्या कलमाला मात्र ‘भारतीय संस्कृती’ समजून कवटाळत होतो! जानेवारी २०२३ मध्ये ‘पांचजन्य’ आणि ‘ऑर्गनायझर’ला दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखला दिला. अशी माणसे पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, या आशयाचे ते विवेचन होते. किती घरांत ते वाचले गेले आणि किती घरांत वाचून पान उलटले गेले?

येथे फिलिस गेट्सची आठवण होते. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे, निव्वळ करार नाही, ही भूमिका सोडण्याचे कारण नाही. पण मग संस्कार मानणाऱ्यांवरची जबाबदारी दुप्पट होते. ‘लग्न झाले की सुधारेल’ असे म्हणून, मुलाचे मन माहीत असताना, एका निष्पाप मुलीला उंबरठ्यावरचे माप ओलांडायला लावणारे आईवडील आपल्याच आळीत राहतात. अग्नीला साक्ष ठेवून असत्य उच्चारले जाते. लोक काय म्हणतील, या एका भयापोटी दोन आयुष्यांची राख होते. मेयरसाहेबाने गल्ल्यासाठी जे केले, तेच आपण प्रतिष्ठेसाठी करीत असू, तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?

विवाहाचे पावित्र्य जपायचे असेल, तर पहिला विरोध या खोट्या विवाहांना व्हायला हवा. मुलगा किंवा मुलगी धीर करून काही सांगू पाहत असेल, तर ऐकून घ्या. पटले नाही तरी ऐका. त्याला घराबाहेर काढू नका आणि दुसऱ्याच्या लेकीला त्याच्या मुखवट्याची किंमत मोजायला लावू नका. पश्चिमेच्या प्रमाणपत्राची आपल्याला गरज नाही. गरज आहे ती मेकॉलेची किळस मेकॉलेला परत करण्याची. दंडसंहितेतून ती गेली. माजघरातून केव्हा जाणार?