ऑडिशनची वाट रानशेतहूनही जाते

नाटक-नृत्य शिकणारं अकरावी-बारावीचं मूल घरात असलेल्या, अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना कॉलेजची तयारी म्हणजे काय, ते सांगायला नको. ज्युलियार्ड किंवा कार्नेगी मेलनला आधी व्हिडिओ पाठवा, तो पसंत पडला तर ऑडिशन. मग स्वगतं, कोच, विमानाची तिकिटं. आपण कुरकुरतो, पण वाट ठाऊक असते.

आता डहाणू तालुक्यातलं रानशेत घ्या. इथे शासकीय आश्रमशाळा आहे आणि आसपासच्या वारली पाड्यांवर भात पिकलं की तारपा वाजतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं, एवढ्यातून हे वाद्य बनतं. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो, फुंक तुटू देत नाही. नाचणारे एकमेकांना धरून त्याच्यामागे फिरतात आणि चाल बदलली की साऱ्यांचं पाऊल एकदम बदलतं. यात वाढलेल्या मुलाच्या अंगात ताल, दम आणि दुसऱ्याकडे लक्ष ठेवून नाचणं मुरलेलं असतं. नाट्यशाळांना हेच शिकवायला वर्ष लागतं.

पण हे फॉर्मवर लिहायचं कुठे? दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, मात्र संस्थेचं प्रमाणपत्र आणि प्रयोगांचा हिशेब दाखवून. खळ्यात रात्रभर नाचल्याचा दाखला कोण देणार? पुण्याच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्य, संगीत, नृत्याची पदवी घेता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला आधी पदवी हवी, नाटकांत काम केल्याचा अनुभवही हवा. घरी वारली बोलणाऱ्या मुलाने तिथे हिंदीत बोलायचं, तेही कधी सराव न करता.

'नाचून पोट भरेल का?' असं कुणी विचारेलच. आपल्या मुलांनाही आपण ते विचारतो आणि मग कोचची फी भरतो! याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरची वारली चित्रं जगापुढे आली, त्याआधी चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद-रंग घेऊन पाड्यावर गेले होते. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. बाहेरून कुणी पाड्यावर येऊन हात देणं डहाणूला नवं नाही.

म्हणून आपल्या मंडळाने यंदा रानशेतच्या शाळेला वह्या देण्याऐवजी वेगळा खर्च करावा. नाट्यशिक्षण घेतलेल्या एखाद्या तरुणाला मानधन देऊन तिथे पाठवावं. त्याने मुलांकडून स्वगतं बसवून घ्यावीत, नाचाचं नीट चित्रीकरण करावं, कोण, कुठे, केव्हा नाचलं याची नोंद ठेवावी. डहाणू रोड ते पुणे भाडं आणि पहिल्या वर्षाची खानावळ आपण उचलावी. नुकतीच ऑडिशन दिलेली आपली मुलं व्हिडिओ पाहून सूचना देतीलच. त्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

चित्रीकरणाला मात्र भात पिकल्यावरच जावं. जून-जुलैत, आपल्या सुट्टीच्या दिवसांत, तिथे आवणी चालू असते आणि तारपा वाजत नाही.