अपेक्षा किती?

जळगाव-धुळ्याचा संगणक पदवीधर पुण्यास पहिल्या मुलाखतीला जातो, तेव्हा ‘वेतनाची अपेक्षा किती?’ हा प्रश्न त्याला नम्रतेची परीक्षा वाटतो. वस्तुतः तो सौदा आहे. बाजारभाव कंपनीला ठाऊक असतो, उमेदवाराला नसतो. मोठ्या कंपन्यांत नवोदितांचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळले. महागाई मात्र थांबली नाही. म्हणून प्रथम त्या पदाची वेतनश्रेणी विचारावी. आकडा सांगणे भागच पडले, तर खोलीभाडे, खानावळ व घरी धाडावयाची रक्कम हिशेबात धरून सांगावा. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटाही वार्षिक आकड्यात मोजला जातो. तेव्हा हाती काय पडेल, हेही विचारावे. साने गुरुजींच्या अमळनेरात गिरणी कामगार संघटित झाले होते. आजच्या तरुणांनी निदान आपले वेतन परस्परांपासून लपवू नये. संघटनेचा प्रारंभ तेथूनच होतो.