बार्लोचा फैसला

इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ साली आपल्या संख्या-सिद्धांतावरील ग्रंथात असा फैसला देऊन ठेवला होता की, ऑयलरने १७७२ साली मूळ ठरविलेल्या २१४७४८३६४७ या संख्येवरून, म्हणजे २च्या ३१व्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्येवरून, जी परिपूर्ण संख्या (जिच्या स्वतःखेरीज सर्व भाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते अशी संख्या) सिद्ध होते तिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही. कारण असल्या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत, तेव्हा त्यांच्या मागे लागणार तरी कोण? एखादी प्रचंड मूळ संख्या सापडल्याची वार्ता आली की हा पूर्वपक्ष आजही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकू येतो, म्हणून त्याचे खंडन अगत्याचे आहे.

बार्लोचे भाकीत पासष्ट वर्षांतच रद्दबातल झाले. १८७६ साली फ्रेंच गणिती एदुआर लुकास याने २च्या १२७व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले, म्हणजे तशाच रीतीने आणखी मोठी परिपूर्ण संख्याही हाती आली, आणि १९५१ सालापर्यंत या मूळ संख्येहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. निरुपयोगाची हरकतही टिकत नाही: ऑयलरची तीच संख्या पुढे संगणकावर यादृच्छिक संख्या निर्माण करण्याच्या कामी आली, आणि १९५२ साली हुडकलेली २च्या ५२१व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी मूळ संख्या आज गुप्तलेखनाच्या एका प्रमाणित पद्धतीचा पाया आहे. परंतु या दाखल्यांवर भिस्त ठेवणे मला मान्य नाही. उपयोग पुढे करून ज्ञानाची कैफियत मांडू लागलो की बार्लोचे न्यायासन आपण कबूल केलेच.

लुकासचे खरे कर्तृत्व निराळेच आहे. ऑयलरला आपली संख्या तपासताना ४६३४० च्या आतलेच, आणि त्यांतलेही विशिष्ट स्वरूपाचेच, भाजक पाहावे लागले. लुकासच्या संख्येसाठी तोच मार्ग धरला तर वीस अंकी मर्यादेपर्यंत जावे लागेल, आणि त्यास मनुष्याचे आयुष्य पुरणार नाही. त्याने भाजकांचा नादच सोडला. गणिती डी. एच. लेमरने पुढे सुटसुटीत केलेल्या रूपात ही रीत अशी: ४ घ्यावेत, वर्ग करून २ वजा करावेत, तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी, आणि घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी नव्हे. २च्या ७व्या घाताची संख्या १२७ घेतली तर ४ पासून क्रमाने १४, ६७, ४२, १११ अशा बाक्या येतात. १११चा वर्ग १२३२१, त्यातून २ गेले की १२३१९, आणि ती १२७ची नेमकी ९७ पट! एकही भाजक न धुंडाळता निर्णय लागतो, ही मानवी बुद्धीची केवढी झेप!

बाकी शून्य आली नाही तरीही निर्णय तितकाच पक्का असतो. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली २च्या ६७व्या घाताची संख्या अशा मूळ संख्यांच्या आपल्या यादीत घातली होती. लुकासने त्याच १८७६ साली, तिचा एकही अवयव हाती नसताना, ती मूळ नसल्याचे दाखवून दिले. अमेरिकेत फ्रँक कोल याने १९०३ साली १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे दोन अवयव जाहीर केले, तेव्हा तो निकाल सत्तावीस वर्षांचा झाला होता.