तिथीची पाऊणपट

गेल्या रविवारी सकाळी सकाळी ताईचा रत्नागिरीहून फोन. भाचा नववीत आहे आणि त्याला म्हणे एकट्याला खाडीवर गरवायला जायचंय. "तू जायचास ना? मग आता तूच समजाव त्याला." मी त्याला दोन शब्द सुनावीन अशी तिची अपेक्षा होती. मी म्हटलं, जाऊ दे की. त्यानंतर बराच वेळ मी काही बोललो नाही, कारण बोलायला मिळालंच नाही. म्हणून इथे लिहितोय. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे.)

घाटावरच्या वाचकांसाठी: गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. ऑफिसातला एक जण मध्यंतरी हिमाचलात तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंग करून आला. पिसं आणि दोरा बांधून केलेला खोटा किडा, तो इतका हलका की फेकताना वजन दोरीचंच वापरायचं. सरकारी परवाना काढायचा, आणि मिळालेला ट्राउट फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. (तो ट्राउटही तिथला नव्हे, इंग्रजांनी आणून सोडलेला.) मला मनापासून आवडलं ते सगळं. मग त्याने विचारलं, तुझ्याकडे काय गिअर होतं? आता काय सांगणार! पाण्याची रिकामी बाटली, तिला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक तुकडा, चार गळ आणि आईच्या नकळत बाजूला काढलेल्या पाच-सहा कोलंब्या. कॅच अँड रिलीज आम्हीही करायचो, पण फक्त सोमवारी. सोमवारी मासा घरात चालत नसे.

आमची खाडी भाट्याची. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. मी नववीत असताना पहिल्यांदा एकटा गेलो, म्हणजे भाच्याच्याच वयाचा होतो, आणि इंजिनीअरिंग संपेपर्यंत प्रत्येक सुट्टीत जात राहिलो. पावसाळा सोडून, कारण तेव्हा वरून नुसतं लाल पाणी येतं.

जायचं कधी हे कालनिर्णय ठरवायचं. आजोबांनी शिकवलेला ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. अकरावीत मी आजोबांना हिशेब करून दाखवला होता की पंधरा तिथींमध्ये भरती बारा तास पुढे सरकते, तेव्हा पाऊण नाही, शून्य पूर्णांक आठने गुणायला हवं. पौर्णिमेपर्यंत तुमची पाऊण तासाची चूक होते! आजोबा म्हणाले, "बरं. मग तू पाऊण तास आधी जाऊन बस." आजही एखादा ज्युनिअर माझ्या कोडमधली खरी पण बिनमहत्त्वाची चूक दाखवतो तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

ओहोटी संपून पाणी फिरायला लागलं की मासे पाण्याबरोबर आत येतात, ती खरी वेळ. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि थांबायचं. काळुंद्रीचं तोंड लहान, ती नुसती टुकटुक करत कोलंबी कुरतडते आणि गळ रिकामा परत येतो. शिंगाळा सरळ ओढतो, पण त्याचा काटा लागला तर हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. तांबोशी लागली की पहिल्या झटक्यात ती खडकाच्या कपारीत घुसायला बघते, तिथे अर्धा सेकंद उशीर झाला की तंगूस खडकावर घासून तुटला म्हणून समजा. पाण्याखाली काय चाललंय हे बोटाने 'बघायला' मला दोन वर्षं लागली. आणि खरं सांगतो, मासे फार मिळायचे नाहीत. चांगल्या दिवशी तीन. पुष्कळदा शून्य.

मित्रांबरोबरही जायचो. मजा यायची. पण ते गरवणं नव्हतं, ती सहल होती. कोणाला किती मिळाले याची मोजदाद, कोणाची जागा चांगली यावरून भांडणं, आणि कंटाळा आला की सगळे एकदम उठणार. एकटं असलं की कंटाळा आल्यावर काय करायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. जागा बदलू? शिसं हलकं करू? थांबू? चुकलं तर बोट दाखवायला शेजारी कोणी नाही, आणि बरोबर आलं तर टाळ्या वाजवायलाही नाही. दोनेक तासांनी डोक्यातली बडबड बंद पडायची. आज ह्याच गोष्टीसाठी हिंजवडीत लोक पैसे भरून डोळे मिटून बसतात. मीही भरलेत. दहाव्या मिनिटाला मला स्टँडअपमध्ये काय सांगायचं ते सुचायला लागतं. तिथे बोटाला तंगूस नसतो ना.

आता ते. ताई, हे तुला, आईला कोणालाच माहीत नाही.

2014 चा मे महिना, बारावीचा निकाल यायचा होता. बुद्ध पौर्णिमा, म्हणजे उधाण, भरती सव्वाअकराच्या सुमारास. मी सहाला पोहोचलो. पुलाच्या वरच्या अंगाला काठापासून थोडा आत एक खडक होता. ओहोटीला तिथे चिखलातून चालत जाता यायचं. मोबाईल भिजेल म्हणून घरी ठेवलेला. सातला मागे वळून पाहिलं, पाणी जेमतेम घोट्याला लागेल इतकं चढलं होतं. म्हटलं, तासात एवढंच, म्हणजे भरपूर वेळ आहे.

इथेच चुकलो. भरती सरळ रेषेत चढत नाही. खलाशांचा एक ढोबळ हिशेब आहे: चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. साइन वेव्ह! चारच महिन्यांपूर्वी मी ती फिजिक्सच्या पेपरसाठी घोटून पाठ केली होती, आणि तिच्या मधोमध बसून मला ती दिसली नाही. एक चांगली तांबोशी लागली, सुटली, त्या नादात मी पुन्हा मागे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा खडक आणि काठ यांच्यामध्ये खाडी होती.

छातीपर्यंत पाणी, खाली मांडीपर्यंत ओढणारा चिखल, आणि प्रवाह आतल्या बाजूला. पोहता येत होतं, पण चिखलातून पाय निघेना. हाक मारली नाही. कोणाला मारणार? शेवटी आडवा झालो, तेव्हा पाय सुटले, आणि हातांनी पाणी तोडत कालवांच्या खडकाला लागलो. कालवांनी तळवा आणि गुडघा चांगलाच कापला. बाटली, गळ, चपला सगळं गेलं. घरी सांगितलं, काच लागली. आठवडाभर लंगडत होतो आणि पुढच्या अष्टमीला परत गेलो. त्या वेळी दर पंधरा मिनिटांनी मागे बघत होतो.

हे सगळं मी बुधवारी ताईला फोनवर सांगितलं, कारण हे लपवून 'जाऊ दे त्याला' म्हणणं बरोबर नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे तू बुडता बुडता वाचलास आणि तरी माझ्या पोराला पाठव म्हणतोस?" हो, तरी. एकट्याने जाऊ दे, पण न सांगता नको. कुठल्या खडकावर बसणार, तिथी कोणती, परत किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवायचं. भरतीचा दुसरा तास संपायच्या आत काठावर. उधाणाला जायचंच नाही. पोहता येतच असायला हवं. त्याच्याबरोबर बाबा, काका, कोच पाठवून गरवणं शिकवता येईल, पण मागे वळून बघायची सवय लागणार नाही, कारण मागे बघायला बाबा असतील. असा माझा मुद्दा. मला तो बिनतोड वाटत होता.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या गळाला कोलंबी लावायला कोणी शिकवलं?"

तिनेच. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी सात-आठ वर्षांचा असताना धक्क्यावर आम्ही दोघं आजोबांबरोबर बसायचो आणि तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका होता. तिथीची पाऊणपट ती तोंडी करायची, मला कागद लागायचा. पुढे तिचं येणं बंद झालं. मला वाटायचं तिला कंटाळा आला असेल.

"मला बंद केलं," ती म्हणाली. "मुलगी एकटी काठावर बसते, लोक काय म्हणतील. खाडीत बुडेल म्हणून नाही हं, लोक काय म्हणतील म्हणून. आणि चार वर्षांनी तू एकटा जायला लागलास, तेव्हा कोणी एक शब्द विचारला नाही."

मी काय बोलणार. इतकी वर्षं मी ज्याला माझं स्वातंत्र्य समजत होतो, त्यातलं निम्मं मला नुसतं मुलगा म्हणून फुकट मिळालेलं होतं. आणि मी त्यावर अर्धा तास भाषण दिलं होतं, तेही तिला!

असो. भाच्याचं अजून ठरलेलं नाही. काल रात्री तिचा मेसेज आला: "परवा पंचमी. भरती पावणेचारला, म्हणजे साडेनवाला पाणी फिरेल. मी आधी एकटी जाऊन बघून येते. तंगूस किती जाडीचा घेऊ?"