पाणचक्कीची खतावणी आणि आपले वाचन

साहित्याच्या अभ्यासकाने काय वाचावे, याविषयी आपल्या मराठी विभागांत एक अलिखित एकमत आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक वाचावे. फार तर आत्मचरित्र, पत्रे आणि रोजनिशी वाचावी. रोजकीर्द, खतावणी, धान्याच्या आवक-जावकीची यादी यांना मात्र हात लावू नये. ते काम इतिहासाच्या किंवा वाणिज्याच्या विभागाचे, असे आपण मानतो आणि निर्धास्त होतो. ही कामाची वाटणी दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. जमाखर्चाच्या वहीलाही भाषा असते, निवेदक असतो, कर्ता आणि कर्म असते; आणि ती वही कशी वाचावी हे ज्यांना शिकवले गेले पाहिजे, त्यांनाच आपण तिच्यापासून दूर ठेवतो. हा आक्षेप हवेत राहू नये म्हणून एका पाणचक्कीचे दप्तर उदाहरणादाखल घेतो.

ही पाणचक्की अमेरिकेतील व्हर्जिनियात, डोग रन नावाच्या ओढ्याच्या पाण्यावर चालत असे. तिचा मालक जॉर्ज वॉशिंग्टन. 1760 च्या दशकात त्याने माउंट व्हर्ननच्या आपल्या जमिनीवरचे तंबाखूचे पीक सोडून गहू धरला आणि 1770-71 मध्ये हवेलीपासून सुमारे तीन मैलांवर नवी दगडी गिरणी बांधून घेतली. शेजारचे शेतकरी आपला मका तिथे दळून नेत आणि दळणावळ म्हणून धान्याचा आठवा हिस्सा गिरणीत ठेवून जात. पण गिरणीचा खरा व्यवसाय गव्हाच्या पिठाचा होता. हे पीठ प्रतवारीने पिंपांत भरून विकले जाई. 1772 मध्ये फेअरफॅक्स परगण्याच्या न्यायालयात वॉशिंग्टनने आपल्या पिठाची खूण म्हणून स्वतःचे नावच नोंदवले. पुढे ऑलिव्हर इव्हान्सने धान्य चढवण्यापासून पीठ चाळण्यापर्यंतची सारी कामे पाण्याच्या बळावर करणारी यंत्रणा शोधली. तिच्या 1790 च्या पेटंटवर राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनची सही आहे, आणि 1791 मध्ये तीच यंत्रणा त्याने आपल्या गिरणीत बसवली. या यंत्रणेतल्या एका भागाचे नाव 'हॉपर बॉय' असे आहे. दगडांतून निघालेले ऊन पीठ दाताळ्याने पसरून गार करणाऱ्या पोऱ्याचे हे नाव. पोऱ्याचे काम गेले आणि त्याचे नाव यंत्राला चिकटले. शब्दांच्या प्रवासाविषयी आस्था असणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबायला हरकत नाही.

आता दप्तराकडे वळू. खतावण्या, गिरणीचे हिशेब, व्यवस्थापकांचे साप्ताहिक अहवाल आणि पत्रव्यवहार असा हा पसारा आहे. कोणत्या शेतावरून किती बुशेल धान्य आले, कोणत्या शेताला किती पीठ गेले, किती पिंपे तयार झाली, हे सारे त्यात आहे. साप्ताहिक अहवालांची मांडणी विशेष पाहण्याजोगी आहे. एका बाजूस शेतावरील माणसांच्या संख्येला सहाने गुणून येणारे कामाचे दिवस, तर दुसऱ्या बाजूस ते दिवस कशात खर्ची पडले त्याचा तपशील. नांगरणी इतके दिवस, कुंपण इतके दिवस, आजारपण इतके दिवस, बाळंतपण इतके दिवस. दोन्ही बाजू जुळल्या की अहवाल पुरा. बाळंतपण येथे घटना नाही, ती एक तूट आहे. मूल जन्मले की नाही, आई वाचली की नाही, हे त्या रकान्याला विचारता येत नाही. ही माणसे गुलाम होती. 1799 मध्ये माउंट व्हर्ननच्या जमिनीवर अशी 317 माणसे होती.

नावांचेही तसेच. गिरणीवर अनेक वर्षे नोकरीस असलेल्या गोऱ्या गिरणीवाल्याचे नाव विल्यम रॉबर्ट्‌स. त्याला आडनाव आहे, वेतन आहे, स्वभाव आहे. त्याच्या दारूच्या व्यसनावर मालकाने पत्रांतून केलेली तक्रार आहे. थोडक्यात, तो दप्तरात 'व्यक्तिरेखा' म्हणून वावरतो. त्याच गिरणीवर राबणारा गुलाम गिरणीवाला 1786 च्या यादीत केवळ 'बेन' म्हणून येतो. व्यक्तिचित्रणाचे तास घेणाऱ्या प्राध्यापकांनी मला सांगावे की, कोणाला स्वभाव मिळतो आणि कोणाला नुसते नाव मिळते, हा प्रश्न साहित्याचा नाही तर कोणाचा?

पण खरा कस पुढे लागतो. 1772 च्या जुलैत वॉशिंग्टनने आपले पीठ विक्रीसाठी वेस्ट इंडीजकडे जहाजातून रवाना केले आणि ते नेणाऱ्या माणसाला पत्राने सूचना दिल्या. पिठाच्या पैशातून, माणशी चाळीस पौंडांच्या आत चांगली मिळाली तर, गुलाम माणसे विकत घ्यावीत. त्यांतील दोन तृतीयांश पुरुष असावेत आणि त्यांचे वय विसाच्या आत असावे. बाकीच्या मुली असाव्यात आणि त्या सोळाच्या आतल्या असाव्यात. हातपाय धड असावेत, दात चांगले असावेत, चेहरा बरा असावा. हे जमले नाही तर रम आणि साखर घ्यावी. व्यवहार पुढे फसला आणि पैसे वसूल करण्यात मालकाची काही वर्षे गेली, हा भाग वेगळा. पत्र लिहिणाऱ्याने येथे कुठेही आवाज चढवलेला नाही. पिठाची प्रत ज्या भाषेत सांगितली जाते, त्याच भाषेत माणसाची प्रत सांगितली आहे. पीठ, माणूस, रम, साखर हे एकाच वाक्यरचनेत एकमेकांच्या जागी बसू शकतात. क्रौर्य दाखवायला विशेषणे लागतात असा आपला साहित्यिक समज आहे. या पत्रात एकही कठोर विशेषण नाही, आणि म्हणूनच ते वर्गात शिकवले पाहिजे.

दुसरे उदाहरण 1793 चे. वॉशिंग्टन तेव्हा फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष होता आणि आठवड्याच्या आठवड्याला व्यवस्थापकाला लिहून शेतीचा कारभार हाकत होता. गुलामांना शिधा म्हणून मक्याचे पीठ मिळे. पूर्वी ते न चाळलेले मिळत असे. मग चाळून देणे सुरू झाले, पण माप तेच राहिले. वरकरणी ही सुधारणा होती. गुलामांनी मात्र तक्रार केली की शिधा पुरत नाही. चाळण्यात जो कोंडा-भरडा वजा होतो, तो मापात भरून काढलेला नाही, हे त्यांनी ओळखले होते. तक्रार मालकापर्यंत पोहोचली आणि पुरेसे पीठ द्यावे असे त्याला लिहावे लागले. या प्रसंगात जमाखर्चाचे सर्वांत चोख वाचन कोणी केले? ज्यांना लिहिण्यावाचण्यापासून दूर ठेवले होते त्यांनी. 'तेवढेच माप' या शब्दांत दडलेली घट त्यांनी पोटावरून वाचली. त्यांचे शब्द दप्तरात नाहीत, तक्रारीचा केवळ उल्लेख उरला आहे. तो उल्लेख शोधणे, त्यामागचा गहाळ आवाज गृहीत धरून वाचणे, याला आपण एरवी मोठ्या अभिमानाने 'संहितेतील मौनाचे वाचन' म्हणतो. मग ते केवळ कवितेपुरतेच का?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, इतिहासकारांनी हे सारे कधीच वाचले आहे. खरे आहे, आणि त्यांच्याच कष्टांमुळे मला हे लिहिता येते. पण इतिहासकार वहीतून माहिती काढतो. वहीची वाक्यरचना, तिचे शब्द, तिचे रकाने माणसाचे काय करतात हे पाहण्याची सवय आपल्याला आहे, किंवा असायला हवी. दुसरा आक्षेप, आजचे मानदंड तेव्हाच्या माणसाला लावू नयेत. परंतु त्याच वॉशिंग्टनने 1799 च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना, पत्नीच्या निधनानंतर, मुक्त करण्याची तरतूद केली. तेव्हा प्रश्न उसन्या मानदंडाचा नाही. आयुष्यभर खतावणीत बसलेली गोष्ट मृत्युपत्रात बसेना, असा एकाच हाताने लिहिलेल्या दोन संहितांमधला तो विसंवाद आहे. तिसरा आक्षेप सौंदर्याचा : वहीत रस कुठे आहे? रस नाही, हे मी मान्य करतो. मात्र रसहीनतेचाही हेतू असतो, आणि तो हेतू न ओळखणारा रसिक फसवणुकीला सहज बळी पडतो. ती गिरणी पडल्यानंतर 1932-33 मध्ये तिथेच नव्याने उभारली गेली आणि 2002 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाली. फिरते चाक, पाटाचा आवाज, ताजे पीठ हे सारे मोहक आहे. वही न वाचता हा मोह आवरत नाही.

आता स्वतःकडे पाहू. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. व्हर्जिनियाच्या गिरणीला हिशेब आहे, गाणे नाही. आपल्या जात्याला गाणे आहे, हिशेब नाही. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण आपण इतक्या कौतुकाने उद्धृत करतो की बसावे कोणाला लागत होते, पहाटे किती वाजता, किती पायली दळण पडे, हे विचारण्याचे भान राहत नाही. ओव्यांची माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल अशी विषयवार वर्गवारी आपण केली. दळणाचा वर्ग केला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव यांना महत्त्व दिले, हा अपवाद आपल्याला लाजवणारा आहे. आपल्या चरित्र-आत्मचरित्रांत एक अर्धे वाक्य वारंवार येते : 'आईने दळणकांडण करून मुलांना वाढवले.' लेखक लगेच पुढच्या प्रसंगाकडे वळतो, आणि आपणही वळतो. कोणाच्या घरचे दळण? मोबदला धान्यात की पैशात? एका पायलीमागे किती? त्या अर्ध्या वाक्यात एक अख्खी खतावणी बुडाली आहे आणि समीक्षेने तिच्याकडे 'कष्टाळू आई' या शिक्क्यापलीकडे पाहिलेले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक तरी हिशेबाची वही, मग ती गिरणीची असो, सावकाराची असो वा देवस्थानाच्या कोठीची, संहिता म्हणून नेमावी. तिच्या शेजारी ओव्यांचा एक गुच्छ ठेवावा. विद्यार्थ्यांनी वहीला ओवीचे प्रश्न विचारावेत : येथे कोण बोलत आहे, कोणाविषयी, कोणाला उद्देशून? आणि ओवीला वहीचे : किती, कोणाचे, कशाच्या मोबदल्यात? यासाठी नवा सिद्धान्त आयात करण्याची गरज नाही. एखाद्या जुन्या घरातल्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्या उघडून पाहाव्यात, इतकेच पुरे. मापातली घट ओळखण्याइतके वाचन डोग रनच्या काठच्या निरक्षर माणसांना जमले होते. पदव्यांची माळ गळ्यात असलेल्या आपल्याला ते जमू नये, हे काही भूषणावह नाही.