पाणीमहाल आणि ‘इको’ची पाटी

1/ मालदीवची आलिशान रिसॉर्ट पाण्यावर खोल्या उभारतात आणि स्वतःस निसर्गस्नेही म्हणवितात. नळदुर्गात मात्र महाल बंधाऱ्याच्या पोटातच आहे. तोही 1613 पासून.

2/ दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर हा दगडी बंधारा उभा राहिला. किल्ला आणि रणमंडळ यांना तो जोडतो. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे कोसळतात. आतला माणूस कोरडा राहतो. गारवा विजेवाचून.

3/ ही ऐषच होती, हे मान्य. पण ती पाणी अडविणाऱ्या बांधकामाच्या आश्रयाने होती.

4/ सप्टेंबर 2019 मध्ये गडांवरील हॉटेलांचा वाद पेटला. शिवरायांशी संबंधित गड दिले जाणार नाहीत, असा खुलासा शासनाने केला. मग उरलेल्या गडांचे काय? आदिलशाही बांधकाम म्हणून नळदुर्गाचा वारसा दुय्यम ठरतो काय?

5/ विरोध पर्यटनाला नाही. परंतु ज्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ‘इको’ म्हणविणाऱ्याने आधी सांगावे: पाणी कोठून आणता, सांडपाणी कोठे सोडता? बांबूचे छत हे त्याचे उत्तर नव्हे. हिशेब देता येत नसेल, तर पाटी उतरवावी.